फड आमचा, बंधारा कोणाचा?

नरडाणा हे नाव बहुतेकांच्या कानावर दोन निमित्तांनी आलेले असते. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की तापीच्या अलीकडे ते लागते, आणि सुरत-भुसावळ लोहमार्गाने अमळनेरहून नंदुरबारकडे जाताना त्याचे स्टेशन येते. औद्योगिक वसाहत झाल्यापासून तिसरे निमित्त मिळाले. अशा गावात बसून आपण लिहिलेली आज्ञावली बर्लिनच्या एका संस्थेच्या संगणकावर ठेवावी आणि तिच्यातील चूक काठमांडूच्या एका अनोळखी माणसाने दुरुस्त करून पाठवावी, ही गोष्ट आज नवलाची राहिलेली नाही. नवल याचे वाटते की, हे काम कोणाच्या जागेत चालते, त्या जागेचा मालक कोण, आणि त्याने उद्या दार लावून घेतले तर आपण कोठे जाणार, हा प्रश्न या धंद्यातील फारच थोड्या माणसांना पडतो. मी पुण्यात बारा वर्षे हाच धंदा केला; मलाही तो पडला नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलो, येथेच राहिलो, आणि गेल्या काही महिन्यांत एका नव्या सहकारी व्यासपीठावर काम सुरू केले तेव्हा तो प्रथम समोर उभा राहिला. आपल्या कार्यकर्त्यांना त्या प्रश्नाशी कर्तव्य आहे, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

विषय थोडा तांत्रिक आहे. परंतु खेड्यातील माणसाला तो समजू नये असे त्यात काही नाही. संगणकावर चालणारे कोणतेही काम, मग ते रेल्वेचे तिकीट असो वा सातबाऱ्याचा उतारा, आज्ञावलीने चालते. आज्ञावली म्हणजे माणसांनी लिहिलेला मजकूर. मोठ्या आज्ञावलीत लक्षावधी ओळी असतात आणि शेकडो माणसे त्यांवर एकाच वेळी काम करीत असतात. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली याची नोंद राहावी लागते, आणि दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली तर कोणाचा बदल ग्राह्य धरायचा याचा निवाडा व्हावा लागतो. तलाठ्याची फेरफार नोंदवही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमजेल. आधी नोंद, मग हरकतीला मुदत, मग मंजुरी, आणि जुनी नोंद कधीही खोडायची नाही. संगणकाच्या जगात अशी नोंदवही ठेवण्याचे जे साधन आज सर्वत्र वापरात आहे त्याचे नाव गिट, आणि त्याचा जन्मच एका मालकाने दार लावल्यामुळे झाला.

ती हकीकत सांगण्यासारखी आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा आरंभ केला. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी तिच्यात भर घातली. काम इतके वाढले की नोंदवहीवाचून अडू लागले. तेव्हा २००२ च्या सुमारास एका खासगी कंपनीचे बिटकीपर नावाचे साधन वापरात घेतले गेले. कंपनीने ते लिनक्सच्या मंडळींना फुकट दिले होते, मात्र आपल्या अटींवर. फुकट मिळते आहे तर घ्या, असे म्हणणारे बहुसंख्य होते. दुसऱ्याच्या विहिरीवर आपला मळा लावू नका, असे बजावणारे थोडे होते. २००५ साली अटींवरून खटका उडाला आणि कंपनीने फुकट परवाना काढून घेतला. जगातील सर्वांत मोठे सामूहिक काम एका मालकाच्या निर्णयाने अडले. टोरवाल्ड्स यांनी त्या एप्रिलमध्ये हातातील काम बाजूला ठेवून काही दिवसांत गिटचा पहिला आराखडा उभा केला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती गिटच्या आधाराने बाहेर पडली. गिटची रचनाच अशी आहे की, काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ संपूर्ण नोंदवहीची नक्कल राहते. मूळ प्रत एकाच कचेरीत कुलपाखाली, हा प्रकार तेथे उरला नाही.

आमच्या धुळे जिल्ह्याला सामूहिक साधनाची ही कल्पना परकी नाही. पांझरा नदीवरील फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आली. नदीला दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असे, त्यामुळे पाणी तोकडे पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला तर तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा. पाणी धरण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या हाती नसून सर्वांनी नेमलेल्या पाटकऱ्याच्या हाती. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. आणि त्यांचा मोबदला पिकातून. पाट साफ करण्याच्या कामातून कोणाची सुटका नव्हती. या व्यवस्थेत जातीची व जमिनीची विषमता होतीच, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु सामाईक वस्तू टिकवायची तर तिला नियम लागतो, राखणदार लागतो, आणि राखणदाराच्या पोटाची तजवीज लागते, एवढे शहाणपण त्या बंधाऱ्यांवर शतकानुशतके नांदले. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याच्याजवळ पैसा त्याने आपल्यापुरते पाणी केले, आणि अनेक फड मोडले.

गिटच्या बाबतीत हेच दुसऱ्या रूपात घडले. नोंदवही प्रत्येकाच्या हाती आली खरी, पण चार माणसांनी एकत्र येऊन बोलायला, चुका दाखवायला, सुधारणा सुचवायला एक चावडी लागतेच. अशा चावड्या १९९९ पासून निघत होत्या. सोर्सफोर्ज ही पहिली मोठी. तिच्या मालकांनी पुढे लोकांच्या आज्ञावल्यांना जाहिरातींची शेपटे जोडायला सुरुवात केली आणि २०१५ पर्यंत तिची पत गेली. गूगलने अशीच एक चावडी उघडली आणि २०१६ च्या आरंभी बंद केली. २००८ साली सुरू झालेले गिटहब मात्र फोफावले. तेथे काम करणे सोपे होते, फुकट होते, आणि सगळे तेथेच होते, म्हणून उरलेलेही तेथेच गेले. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले. मुक्त आज्ञावलीची चळवळ ज्या कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध उभी राहिली होती, त्याच कंपनीच्या वाड्यात त्या चळवळीची चावडी गेली. साडेसात अब्ज कशाचे मोजले? इमारतींचे नव्हेत. जगभरच्या कोट्यवधी प्रोग्रॅमरांनी तेथे रोज येऊन टाकलेल्या श्रमाचे ते मोल होते, आणि त्यातला छदामही त्यांना मिळाला नाही.

मीही त्या कोट्यवधींपैकीच एक. माझ्या नावापुढे तेथे हिरव्या चौकोनांची रांग असे. ज्या दिवशी काही काम केले त्या दिवसाचा चौकोन हिरवा. नोकरीच्या मुलाखतीत ही रांग पाहिली जाते, हे पुण्यात प्रत्येकाला ठाऊक. दिवसभर कंपनीचे काम करून रात्री चौकोन हिरवे करण्यासाठी जागणारी मुले मी पाहिली आहेत. गिरणीच्या दारात बदली कामगार पहाटे उभा राहत असे, त्याला निदान हे माहीत होते की आपण काम मागायला उभे आहोत. आमच्या मुलांना वाटते की आपण छंद जोपासतो. ज्या कंपनीत मी होतो तिच्या करारपत्रात, नोकरीच्या काळात नोकराने जे काही लिहिले, मग ते रात्री घरी का असेना, त्यावर कंपनीचा हक्क, असे कलम होते. मी ते न वाचता सही केली होती. वाचले असते तरी सही केलीच असती.

आता नव्या व्यासपीठाचा अनुभव. गावी आल्यावर मी एक लहान आज्ञावली लिहायला घेतली. १९९० नंतरच्या दोन दशकांत मराठीत जे टंकन झाले ते बहुतांशी निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत. प्रत्येक कंपनीची अक्षरांची क्रमवारी वेगळी. तो फाँट नसेल तर मराठी मजकूर इंग्रजी चिन्हांच्या कचऱ्यासारखा दिसतो. संमेलनांची अहवालपत्रे, संपाची पत्रके, कार्यकर्त्यांच्या आठवणी, असा किती मजकूर जुन्या तबकड्यांत अडकून पडला आहे याचा हिशेब नाही. तो आजच्या सर्वमान्य युनिकोड लिपीसंकेतात आणणारी साधने बाजारात आहेत. मला ती सर्वांना फुकट वापरता येईल, उघडून पाहता येईल अशी हवी होती. आणि अशा कामासाठी ती जागाही सर्वांची असावी असे मनात आले. शोध घेता कोडबर्ग या संस्थेची माहिती मिळाली. २०१८ साली बर्लिनमध्ये नोंदलेली ही सभासदांची संस्था आहे. तिला भागधारक नाहीत, जाहिराती नाहीत; वर्गणी आणि देणग्यांवर ती चालते, आणि सभासद मतदानाने आपली कार्यकारिणी निवडतात. आपल्याकडील सहकारी सोसायटीचे कायदे ज्यांना माहीत आहेत त्यांना यात काहीच अपूर्व वाटणार नाही.

पहिल्या दिवशीच एक फरक जाणवला. मी दप्तर उघडले आणि आज्ञावली ठेवली. पाठोपाठ कोणीतरी विचारणा केली की, हे कोणत्या परवान्याखाली आहे? परवाना लिहिलेला नसेल तर वाचणाऱ्याला त्याचा उपयोग करण्याचा हक्कच मिळत नाही. पंधरा वर्षांत असे मला कोणी विचारले नव्हते. उघड्यावर ठेवले म्हणजे सर्वांचे झाले, असा माझा समज होता. कायद्याने तसे होत नाही. गायरानाचीसुद्धा नोंद गायरान म्हणून व्हावी लागते, नाहीतर ते कोणी केव्हा गिळले ते कळत नाही. १९८९ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेला सार्वजनिक परवाना मी जोडला. त्याचे मर्म एवढेच की, हे घ्या, बदला, वाटा, विका; मात्र पुढच्याला देताना हेच स्वातंत्र्य त्यालाही द्या.

दुसरा अनुभव सुखाचा आणि थोडा हसू येण्यासारखा. माझी आज्ञावली 'आचाऱ्यांना' हा शब्द बिनदिक्कत 'आचार्यांना' असा करीत होती. लग्नाच्या पंगतीचे बिल आचार्यांच्या नावे निघावे असा तो प्रकार. मराठीतील हा अर्धा र मी नीट हाताळला नव्हता. चूक दाखवली ती एका नेपाळी प्रोग्रॅमरने. त्याला मराठी येत नव्हती. पण नेपाळी देवनागरीतच लिहितात आणि 'केले' या अर्थाच्या 'गर्‍यो' या त्यांच्या शब्दात हाच अर्धा र असतो. आपल्या भाषेसाठी त्याने ही अडचण पूर्वी सोडविली होती. दुरुस्तीच्या सात ओळी त्याने पाठविल्या, मी तपासून घेतल्या, नोंद झाली, आणि खानदेशातले आचारी पुन्हा चुलीपाशी आले. वसाहतीच्या इतिहासाने जवळच्या दोन भाषांना एकमेकींपासून इतके दूर ठेवले की त्या भेटतात त्या बर्लिनच्या संगणकावर. पण भेटतात, हेही खरे.

तिसरा अनुभव लाजेचा आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. आज्ञावलीची परीक्षा घ्यायला जुन्या फाँटातील खरा मजकूर हवा होता. एका मित्राने आमच्याच परिसरातील एका सोसायटीची वीस वर्षांपूर्वीची कर्जयादी दिली, आणि मी ती नमुना म्हणून तशीच दप्तरात ठेवून दिली. त्यात शेतकऱ्यांची नावे होती, गट क्रमांक होते, थकबाकीचे आकडे होते. काही तासांतच एका अनोळखी वाचकाने लिहिले, 'या माणसांना आपली नावे येथे आहेत हे माहीत आहे काय?' थकबाकीदाराचे नाव चावडीवर लावून त्याची अब्रू घेण्याच्या वसुलीच्या रीतीविरुद्ध ज्या चळवळीने आवाज उठवला, तिच्यात वाढलेला मी, जगाच्या चावडीवर तेच करून बसलो होतो. घाईने यादी पुसली. तेव्हा लक्षात आले की पुसल्याने काही होत नाही. नोंदवहीत 'पुसली' अशी आणखी एक नोंद होते, आणि जुने पान उलटले की यादी जशीच्या तशी. संपूर्ण इतिहास नव्याने लिहावा लागला, आणि ज्या दोघांनी नक्कल घेतली होती त्यांना ती टाकून देण्याची विनंती करावी लागली. त्यांनी ती मान्य केली. त्यांनी नाकारली असती तर माझ्या हाती काही नव्हते. सत्तेचे दप्तर उघडे असावे आणि गरिबाचे झाकलेले, हे आपण व्यासपीठावरून नेहमी म्हणतो. खुलेपणा ही स्वतःच एक नीती आहे असे मानणारे आमच्या धंद्यातील लोक हा भेद विसरतात, आणि मीही विसरलो होतो.

या अनुभवांवरून कोणी असा निष्कर्ष काढील की, बर्लिनला स्वर्ग सापडला. तसे नाही. काही दिवस ते व्यासपीठ इतके मंद चाले की मी वैतागून उठे. २०२५ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांची यंत्रे तेथील दप्तरे रात्रंदिवस उपसत होती आणि वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला तो भार सोसावा लागत होता. ही लूट नवी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. गिटहबने २०२१ साली कोपायलट नावाचे साधन पुढे आणले. प्रोग्रॅमरला पुढची ओळ आपोआप सुचविणारे हे यंत्र सार्वजनिक दप्तरांतील मजकुरावर शिकविलेले होते. २०२२ पासून ते महिना दहा डॉलरला विकले जाऊ लागले. ज्यांचा मजकूर त्यांनाच तो दळून, पाकिटात घालून विकणे, असा हा व्यवहार आहे. कापूस आमचा, जिनिंग दुसऱ्याची आणि धोतर तिसऱ्या भावाने, हे खानदेशाला सांगायला नको.

येथे एक आक्षेप येईल. नोंदवही प्रत्येकाजवळ असते असे वर म्हटले आहे. मग मालकाची भीती कशाला? नक्कल उचलावी आणि दुसरीकडे जावे. आज्ञावलीपुरते हे खरे आहे. माझे दप्तर हलवायला दहा मिनिटे लागली. पण हलले ते फक्त दप्तर. वर्षानुवर्षांची चर्चा, दाखवलेल्या चुका, माणसांचे परस्परसंबंध हे सारे जुन्या वाड्यातच राहिले. सातबारा आपल्या नावे, पण विहीर सावकाराच्या बांधात, अशी ही मालकी. आणि दार लावण्याचा अधिकार मालकाप्रमाणे सरकारांनाही मिळतो. २०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील प्रोग्रॅमरांवर गिटहबने बंधने घातली. त्यांचा दोष एवढाच की ते तेथे राहत होते. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०१४ मध्ये ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम काढला तेव्हा गिटहब त्या यादीत होते. दहशतवाद्यांचा मजकूर रोखण्याचे कारण सांगितले गेले. काही दिवसांनी दार उघडले. पण ते कोणाच्या मर्जीने उघडते आणि मिटते हे त्या दिवसांत दिसून गेले.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येईल, आणि तो अधिक वजनाचा आहे. सहकाराच्या नावाने महाराष्ट्रात काय झाले ते आम्ही पाहिले आहे, मग या नव्या सहकारावर विश्वास का ठेवायचा? १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे किती कारखाने घराण्यांच्या ताब्यात गेले, किती मातीमोल विकले गेले, हे सांगण्याची गरज नाही. संगणकाच्या जगातही हेच घडते. कोडबर्गचे व्यासपीठ ज्या आज्ञावलीवर चालत असे तिचे नाव गिटिया. तीही स्वयंसेवकांनी बांधलेली मुक्त आज्ञावली. २०२२ च्या ऑक्टोबरात जाहीर झाले की तिचे नाव आणि बोधचिन्ह एका नफ्याच्या कंपनीच्या हाती गेले आहे. बांधणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी जाब मागितला, समाधान झाले नाही, तेव्हा त्याच वर्षी त्यांनी सारा मजकूर उचलून वेगळी चूल मांडली. तिला नाव दिले फोरजेयो, म्हणजे एस्पेरान्तो भाषेत लोहारसाळ. साखर कारखान्याच्या सभासदाला जे करता आले नाही ते त्यांना करता आले. कारण कारखान्याची यंत्रे उचलून नेता येत नाहीत, आणि परवाना पक्का असेल तर आज्ञावली नेता येते. सहकार माणसांच्या सद्गुणावर सोडून चालत नाही. सभासदाला बाहेर पडण्याचा आणि आपला वाटा घेऊन बाहेर पडण्याचा हक्क कागदावर असावा लागतो.

आणि राखणदाराच्या पोटाची तजवीज असावी लागते. २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीस आलेले एक्सझेड प्रकरण आमच्या धंद्याला हादरवून गेले. जगातील असंख्य संगणकांत असणारी ही छोटीशी आज्ञावली एक माणूस वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळीत होता. तो थकला होता, आजारी होता, आणि काम लवकर का होत नाही म्हणून लोक त्याच्यावर तगादा लावीत होते. मदतीच्या बहाण्याने कोणी एक टोपणनावाने आला, दोन वर्षे इमानाने काम करून त्याने विश्वास मिळवला, आणि मग आज्ञावलीत चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला आपला संगणक अर्धा सेकंद उशिरा उत्तर देतो एवढ्यावरून शंका आली, म्हणून जग वाचले. अब्जावधींचा नफा कमावणाऱ्या कंपन्या ज्या बंधाऱ्यावर उभ्या होत्या, त्याचा पाटकरी उपाशी होता. माझे वडील विचारतात, 'याना पैसा कोन देस?' मी थट्टेने उत्तर देत आलो. तो थट्टेचा प्रश्न नव्हे.

मग आपण काय करावे? हा प्रश्न संगणकवाल्यांचा आहे असे म्हणून कार्यकर्त्यांनी तो बाजूला सारू नये. गिटहबच्याच २०२४ च्या अहवालाचा अंदाज असा होता की, २०२८ पर्यंत तेथे प्रोग्रॅमरांची सर्वांत मोठी संख्या भारताची असेल. संख्या आमची आणि मालकी शून्य, ही स्थिती कामगार चळवळीला नवी नाही.

पहिली मागणी सरकारकडे असावी. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त आज्ञावलीच्या वापराचे धोरण जाहीर केले, शासकीय आज्ञावल्यांचा मूळ मजकूर खुला करण्याचे धोरणही केले, आणि ओपनफोर्ज नावाचे स्वतःचे व्यासपीठ उभारले. तरीही २०२० च्या मे महिन्यात आरोग्य सेतूचा मजकूर खुला करण्याची वेळ आली तेव्हा तो ठेवला गेला गिटहबवर. घरी विहीर खणून पाणी शेजारच्या वाड्यातून आणावे, असे हे. जी आज्ञावली जनतेच्या पैशाने लिहिली जाते तिचा मूळ मजकूर जनतेच्या जागेत, जनतेला वाचता येईल असा असला पाहिजे. २०२१ पासून महाराष्ट्रातील शेतकरी ई-पीक पाहणीत आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर स्वतः करतो. नोंद चुकली की दोष त्याच्या माथी येतो. ते यंत्र आतून कसे चालते हे पाहण्याचा हक्क त्याला आणि त्याच्या संघटनेला असावा, ही मागणी जमिनीच्या नोंदी पाहण्याच्या हक्काइतकीच साधी आहे.

दुसरी गोष्ट आपल्या विद्यापीठांना करता येण्यासारखी आहे. फोरजेयो कोणालाही आपल्या संगणकावर बसविता येते; त्यासाठी बर्लिनला जावे लागत नाही. जळगावच्या विद्यापीठाने किंवा धुळ्याच्या एखाद्या महाविद्यालयाने ते बसवावे, मुलांचे प्रकल्प तेथे राहावेत, आणि ते सांभाळणाऱ्याला पगार मिळावा. केरळने २००१ पासून आयटी ॲट स्कूल या योजनेतून शाळाशाळांत संगणक नेले आणि पुढे ते मुक्त आज्ञावलीवर चालविले; मल्याळम भाषेसाठी स्वयंसेवकांनी केलेल्या कामाला तेथे शाळांचा आधार मिळाला. मराठीत असे काम करणारी माणसे आहेत, पण ती एकेकटी आहेत.

तिसरी गोष्ट संघटनेची. संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटना आता उभ्या राहत आहेत. कर्नाटकात २०१७ साली अशा युनियनची नोंदणी झाली. कामाचे तास आणि नोकरकपात हे त्यांचे विषय आहेतच. त्यांत करारातील त्या कलमाची भर घालावी. कामाच्या वेळेत लिहिले ते मालकाचे, हे एकवेळ समजू शकते. रात्री घरी, आपल्या भाषेसाठी लिहिलेलेही मालकाचे, हे वेठबिगारीच्या जवळचे आहे.

शेवटी एक घरचे काम. ही आज्ञावली आता बऱ्यापैकी चालते. आचारी आणि आचार्य वेगळे ओळखते. ज्या शाखांकडे, ज्या जुन्या साथींकडे किंवा छापखान्यांकडे तबकड्यांत अडकलेला मजकूर असेल त्यांनी तो बाहेर काढावा. त्यात लोकांची नावे आणि देणी असतील तर ती आधी वेगळी करावी. माझी चूक पुन्हा होऊ नये. आपल्या चळवळीचा इतिहास ज्या फाँटांत लिहिला गेला, त्यांतील काही कंपन्या विस्मरणात गेल्या आणि कुलपे तेवढी उरली आहेत. ती उघडण्याचे काम सात ओळी पाठविणाऱ्या त्या नेपाळी मित्रासारख्या अनेकांचे आहे. पाट साफ करायला प्रत्येक घरातून एक माणूस निघत असे. तसे निघावे लागेल.